ऐहोळे प्रशस्तींतील अलंकार आणि इतिहास

बागलकोट जिल्ह्यांतील ऐहोळे येथें मेगुटी जिनालयावर रविकीर्तीची संस्कृत प्रशस्ति कोरलेली आहे. तिचा काल शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४-३५. प्रशस्ति हें स्तुतिकाव्य. तेव्हां अलंकार वजा जातां उरेल तेवढाच इतिहास, असें मानण्याकडे पुष्कळांचा कल असतो. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

दुसऱ्या पुलकेशीनें केलेला हर्षवर्धनाचा पराभव वर्णितांना कवि ‘हर्ष’ या नांवावर श्लेष साधतो. नांव आनंदवाचक, आणि रणांत लोपला तोही आनंदच! स्वर वीररसाचा खरा, पण त्याच्या आड उपहास आहे. श्लेष आहे म्हणून घटना कल्पित ठरत नाहीं. हर्षास महाराष्ट्र जिंकतां आला नाहीं, असें चिनी यात्रेकरू ह्युएन्त्संगही सांगतो. उलट कालनिर्देशाच्या श्लोकांत कवि स्वर पालटतो. तेथें भारतयुद्धापासूनचीं ३७३५ आणि शककालाचीं ५५६ वर्षें सरळ मोजलेलीं आहेत.

शेवटीं रविकीर्ति स्वतःस कालिदास व भारवि यांच्या तोलाचा म्हणवितो. ही आत्मस्तुति होय. परंतु उपमान प्रसिद्ध असल्यावांचून उपमा उभी राहत नाहीं. म्हणजे हे दोन्ही कवि तत्पूर्वींच कीर्तिमंत झाले होते, हें या बढाईनेंच सिद्ध होतें. कालिदासाच्या कालाची ही उत्तरमर्यादा आपणांस लाभली ती अलंकारामुळेंच. अलंकार खरवडून टाकणारा संशोधक तिला मुकला असता.