दुधाचा दात आणि दाताचा जीव

दुधाचा दात पडला की तो शेणाच्या गोळ्यात घालून घरावर फेकायचा, ही महाराष्ट्रातली जुनी रीत. कौलारू घरांच्या मुलखात तो कौलांवर जाई. बीडच्या दक्षिणेला, बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या चौसाळ्याच्या बाजूला घरे धाब्याची, तेव्हा तिथे तो माळवदावर. नवा दात उंदराकडे मागायचा. हे मागणे अगदीच अस्थानी नव्हते: उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, कारण त्यांच्या बुडाशी नव्या पेशी घडवणाऱ्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, कायम टिकून असतात. माणसाच्या दाताला ही सोय नाही. त्याच्या पोटात मात्र रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि दंतिन हा दाताचा कठीण भाग घडवणाऱ्या पेशी असलेला जिवंत गर असतो. दवाखान्यात त्याला सरसकट ‘नस’ म्हणतात. हा गर एकदा मेला की पुन्हा उगवता येईल का, याचा शोध साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

त्याआधीची कित्येक शतके हा गर म्हणजे फक्त दुखण्याचे घर होते. आयुर्वेदात किडलेल्या दाताला कृमिदंत म्हटले आहे. वाग्भटाने पोकळीत गूळ किंवा मेण भरून तापल्या सळईने डाग देण्याचा उपाय सांगितला. वेदना देणारा गर जाळून टाकणारा हा उपाय त्या काळाच्या मानाने तर्काला धरून होता. दाढेत किडा असतो ही समजूत बाबिलोनपासून सर्वत्र होती. पॅरिसच्या पिएर फोशारने 1728च्या ग्रंथात ती नाकारली, तरी दातातला ‘किडा’ काढून तळहातावर दाखवणारे फिरते लोक भारतातल्या बाजारांतून त्यानंतरही दीर्घकाळ दिसत राहिले.

शिकलेला दंतवैद्य मराठवाड्याला उशिरा मिळाला. कोलकात्यात रफिउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले, मुंबईत नायरचे 1933 मध्ये सुरू झाले. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, शासकीय दंत महाविद्यालय 1982चे. बीड शहरात आदित्य दंत महाविद्यालय आले ते त्याच्याही पुष्कळ नंतर. तोवर खेड्यातल्या दुखऱ्या दाढेचा शेवट बहुधा पकडीतच होई.

पुढे गर काढून मुळातली नळी भरून टाकणाऱ्या रूट कॅनालच्या उपचाराने दात वाचला, पण त्यातला जीव वाचला नाही. मोठ्या माणसाच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. अडचण येते ती सात-आठ वर्षांच्या मुलाची. पुढचा कायमचा दात सातव्या वर्षाच्या सुमारास हिरडीबाहेर येतो, मात्र त्याचे मूळ पुरे व्हायला आणखी तीनेक वर्षे लागतात. या काळात मूल पडले, दाताला मार बसून गर मेला, तर मुळाची वाढ तिथेच थांबते. भिंती पातळ राहतात आणि टोक उघडे. 1960च्या दशकात अशा दातात कॅल्शियम हायड्रॉक्साइड कित्येक महिने पुन:पुन्हा भरून टोक बंद करण्याची पद्धत रूढ झाली. टोक बंद होई, भिंती मात्र तशाच राहत आणि दात पुढे सहज मोडे.

दुसरी वाट नॉर्वेच्या निगार्ड-ओस्टबी यांनी 1961 मध्ये दाखवली होती: मुळाच्या टोकापलीकडे मुद्दाम रक्त काढून त्याची गुठळी नळीत धरू द्यायची. ती चाळीस वर्षे जवळपास पडून राहिली. जपानमधील इवाया आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये, बँक्स आणि ट्रोप यांनी 2004 मध्ये एकेका रुग्णाचे निष्कर्ष छापले आणि ती पुन्हा वर आली. दिल्लीच्या एम्समध्ये नसीम शाह आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 14 दातांवरचा अनुभव प्रसिद्ध केला.

कृती पाहिली तर तिच्यात महागडे असे थोडेच. पहिल्या भेटीत नळी न खरवडता सौम्य हायपोक्लोराइटने धुतात, जंतुनाशक लेप भरून दात बंद करतात. काही आठवड्यांनी लेप काढून ईडीटीए नावाच्या द्रावणाने धुतात. त्याने दंतिनात अडकलेले वाढीचे घटक मोकळे होतात. या वेळच्या भुलीच्या इंजेक्शनात रक्तवाहिन्या आकसणारे औषध मुद्दाम टाळतात, नाहीतर रक्तच यायचे नाही. मग बारीक फाइल टोकाच्या किंचित पलीकडे टोचतात, नळी रक्ताने भरते, गुठळी धरते आणि तिच्यावर एमटीए नावाच्या सिमेंटचे झाकण बसते. रक्ताबरोबर मुळाच्या टोकाजवळच्या मूलपेशी आत येतात. पुढच्या वर्ष-दोन वर्षांच्या एक्स-रेत कित्येकदा भिंती जाड झालेल्या आणि टोक मिटलेले दिसते.

आत उगवते ते मात्र बहुतेक वेळा खरा गर नसते. हाडासारखी किंवा मुळावरच्या आवरणासारखी ऊती असते. खरा गर हवा तर पेशी बाहेरून आणाव्यात, हा विचार इथून बळावला. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 2000 मध्ये दाताच्या गरातल्या मूलपेशी ओळखल्या गेल्या. त्याच संस्थेतील साँगताओ शी यांना आपल्या लहान मुलीच्या पडलेल्या दातावरून पुढचे सुचले आणि 2003 मध्ये दुधाच्या दातातही तशा पेशी सापडल्या. जपानमध्ये मिसाको नाकाशिमा यांनी 2017 मध्ये पाच रुग्णांच्या दातांत गरातल्या मूलपेशी रोवून आलेले निष्कर्ष मांडले. 2018 मध्ये चीनमधील शिआनच्या चमूने मुलांच्याच दुधाच्या दातांतल्या पेशी वाढवून मार लागलेल्या कायमच्या दातांत रोवल्या. वर्षभराने त्या दातांत रक्तप्रवाह आणि संवेदना परतल्याचे दिसले.

व्यापार मात्र या निष्कर्षांची वाट पाहत थांबला नव्हता. 2003 नंतर काही वर्षांतच मुंबईतल्या स्टेमेड बायोटेकसारख्या कंपन्या दुधाचे दात जपून ठेवण्याची सेवा देऊ लागल्या. माळवदावर जाणारा दात आता शीतपेटीत जाणार होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फक्त नाळेतल्या रक्ताच्या साठवणुकीला मुभा ठेवली आणि दाताच्या गरासह बाकी सर्व ऊतींच्या व्यापारी साठवणुकीला ती नाकारली. निर्णय योग्यच म्हणायला हवा: साठवलेल्या दाताचा सिद्ध झालेला उपयोग तेव्हा दाखवण्याजोगा नव्हता.

उरते ती गुठळीची पद्धत. तिला प्रयोगशाळा लागत नाही. चौसाळ्याच्या मुलाला ती बीडला किंवा छत्रपती संभाजीनगरला घेता येण्यासारखी आहे. तिला लागतात फेऱ्या: काही आठवड्यांनी दुसरी, मग सहा महिन्यांनी, वर्षाने तपासणी. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नोव्हेंबरात भरलेला लेप अशा मुलाच्या दातात मार्च-एप्रिलपर्यंत राहणार, आणि वरचे तात्पुरते सिमेंट तोवर टिकण्याची खात्री नसते. तिथे दंतवैद्याला टोकाशी एमटीएचे बूच बसवून एक-दोन बैठकांत काम संपवावे लागते. दात तोंडात राहतो, मूळ मात्र अपघाताच्या दिवशी होते तेवढेच.