वनशिक्षण (प्राथमिक शाळा)

वनशिक्षण म्हणजे प्राथमिक वयाच्या मुलांना शाळेच्या खोलीबाहेर, झाडाझुडपांच्या सान्निध्यात ठरावीक अंतराने नेऊन तेथील प्रत्यक्ष अनुभवातून शिकविण्याची पद्धती होय. निसर्गशाळा, वनशाळा, परिसरभेट अशा नावांनीही ती ओळखली जाते. वार्षिक सहल आणि वनभोजन यांपासून ती वेगळी मानावी लागते. सहलीचे स्थळ दरवर्षी नवे असते आणि मुले तेथे एकदाच जातात. वनशिक्षणात स्थळ तेच राहते व ऋतू बदलत जातो. एकाच झाडाकडे मुले जूनमध्ये, दिवाळीनंतर आणि फाल्गुनात पुन्हा पुन्हा जातात, तेव्हाच त्यांना झाडातील बदल दिसू लागतो. सातारा व सांगली जिल्ह्यांत या पद्धतीस अनुकूल अशी स्थळे पुष्कळ आहेत. मात्र प्रत्यक्षात बहुतेक शाळांची मजल सहलीपुरतीच राहते.

पूर्वपीठिका

मुलांचे शिक्षण निसर्गात व्हावे हा विचार जुना आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रबेल याने एकोणिसाव्या शतकात आपल्या बालशाळेला ‘बालोद्यान’ या अर्थाचे नाव दिले. रवींद्रनाथ ठाकूर यांनी 1901 मध्ये शांतिनिकेतन येथे सुरू केलेल्या विद्यालयात वर्ग झाडांखाली भरत. डेन्मार्कमध्ये 1950 च्या दशकात एला फ्लाताऊ यांनी मुलांना रोज रानात नेण्याचा प्रघात सुरू केला. 1993 मध्ये इंग्लंडमधील ब्रिजवॉटर येथील महाविद्यालयाच्या मंडळींनी डेन्मार्कमधील हे काम पाहिले आणि त्यानंतर ‘वनशाळा’ ही संज्ञा ब्रिटनमध्ये रूढ झाली.

महाराष्ट्रातील सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण मात्र यांपैकी कोणाचेही अनुकरण नव्हते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले गुरे राखण्यास जात असल्याने शाळेत येत नाहीत, हे लक्षात आल्यावर शिक्षकच कुरणात जाऊ लागले. हीच ‘कुरणशाळा’ होय. तेथे निसर्ग हा शिकण्याचा विषय असण्याआधी मुलांच्या दैनंदिन जगण्याचे ठिकाण होता. माण, आटपाडी, जत या तालुक्यांतील मेंढपाळ कुटुंबांच्या मुलांचा विचार करताना ही गोष्ट आजही उपयोगी पडते.

सातारा जिल्ह्यापुरते पाहिले, तर कर्मवीर भाऊराव पाटील यांचे कार्य या विषयाच्या शेजारचे आहे. 1919 मध्ये काले (ता. कराड) येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे आणि तिच्या वसतिगृहांतील विद्यार्थी शेतात व बागेत श्रम करून शिकत. 1935 मध्ये संस्थेने साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालयही काढले. या कार्याचा गाभा श्रम व स्वावलंबन हा होता; त्यास वनशिक्षण म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि शिक्षण चार भिंतींत मावत नाही ही जाणीव त्यामुळे या भागात रुजली, हे मान्य करावे लागेल.

दोन जिल्ह्यांतील निसर्ग

या जिल्ह्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीचा घाटमाथा व पूर्वेस अवर्षणप्रवण पट्टा आहे. महाबळेश्वर येथे वर्षाला सुमारे साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर माण, आटपाडी व जत या तालुक्यांत तो सुमारे पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. एकाच जिल्ह्यातील दोन शाळांच्या दारात म्हणूनच दोन वेगळी राने असतात. जावळी व पाटण भागांतील मुलाला जांभूळ, हिरडा, अंजनी, करवंद सहज भेटतात. पूर्वेकडील मुलाच्या वाट्याला बाभूळ, बोर, हिवर आणि गवताळ माळ येतो. माळ म्हणजे ओसाड जागा ही समजूत पुस्तकांतूनही पसरते. वास्तविक चंडोल, तितर, खोकड आणि लांडगा हे माळाचेच रहिवासी आहेत आणि त्यांच्यासाठी तेथे झाडे लावणे नेहमीच हिताचे नसते.

पश्चिमेकडील सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 मध्ये घोषित झाला. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान यांचा त्यात समावेश आहे. गाभा क्षेत्रात प्रवेशावर निर्बंध असल्याने शाळांना कडेच्या वनक्षेत्रांवर आणि गावोगावच्या देवरायांवर अवलंबून राहावे लागते. देवराईत फांदी तोडू नये हा संकेत मुलांना घरूनच ठाऊक असतो, त्यामुळे शिक्षकाचे निम्मे काम आधीच झालेले असते. कास पठार 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाचा भाग म्हणून आले. ‘सीतेची आसवे’ व ‘दवबिंदू’ या कीटकभक्षी वनस्पती आणि सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी तेथे पाहता येते. तथापि फुलांच्या हंगामात तेथे होणारी गर्दी पाहता लहान मुलांच्या दीर्घ निरीक्षणासाठी हे स्थळ सोयीचे नाही. मायणीचा (ता. खटाव) तलाव पक्ष्यांसाठी आणि मिरज–कवठे महांकाळ भागातील दंडोबाचा डोंगर कोरड्या मुलखातील वनासाठी उपयुक्त आहे.

सागरेश्वर

सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य या विषयात विशेष महत्त्वाचे आहे. कडेगाव, पलूस व वाळवा तालुक्यांच्या सीमेवरील हे क्षेत्र सुमारे 10.87 चौरस किलोमीटर असून 1985 मध्ये त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. येथील वन मानवनिर्मित आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर झाडे लावली गेली आणि सांबर, चितळ, काळवीट यांना तेथे आश्रय मिळाला. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे याच परिसरात आहे.

घनदाट अरण्य मुलाला आदिकाळापासूनचे वाटते. सागरेश्वर मात्र माणसांच्या हातांनी उभे राहिले आहे. ‘येथे आधी काय होते?’ हा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर गावातील वयोवृद्धांकडून मिळविता येते. त्याच वेळी अभयारण्यातील हरणे आसपासच्या शेतांत शिरून पिके खातात, ही शेतकऱ्यांची तक्रारही जुनी आहे. ज्या मुलाच्या घरच्या शाळवाचे नुकसान झाले आहे, त्याच्यासमोर ‘प्राणी आपले मित्र’ एवढे वाक्य म्हणून चालत नाही. हरणांना पाणी व चारा कोठे मिळतो, ती बाहेर का पडतात, हे त्याच्यासह शोधणे अधिक प्रामाणिक ठरते.

वर्षाचा क्रम

महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात. त्याच सुमारास पहिल्या पावसानंतर लाल मखमली मृगाचे किडे दिसतात. वर्षाच्या पहिल्या धड्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्यांची ओळख, मातीचा वास व रंग, ओढ्याच्या पाण्याचा गढूळपणा हे विषय येतात. हिवाळ्यात पक्षी व पानगळ, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा व सावर यांचा बहर पाहता येतो.

इयत्ता पहिली-दुसरीच्या मुलांनी पाने जमवून आकारानुसार लावावीत व सालीवर कागद ठेवून रंगखडूने ठसे घ्यावेत. तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ हा विषय असल्याने प्रत्येक मुलाने एक झाड निवडून त्याची वही ठेवावी. खोडाचा घेर दोरीने दरवर्षी त्याच उंचीवर मोजावा. मोजमाप, बेरीज, वाक्यरचना व चित्रकला या एका वहीत एकत्र येतात. चौथी-पाचवीच्या मुलांना निलगिरीखालची आणि वडाखालची जमीन शेजारी शेजारी पाहून रोपे व किडे मोजण्यास सांगितले, तर ती स्वतःच्या निष्कर्षाप्रत येतात.

ओल्या व सुक्या रानात वाढलेल्या मुलांना झाडांची नावे शिक्षकांपेक्षा अधिक ठाऊक असतात. चांदोली परिसरातील अनेक गावांचे सपाट प्रदेशात पुनर्वसन झाले. तेथील आजी-आजोबांकडे असलेले रानाचे ज्ञान नातवंडांना शाळेतून मिळत नाही. ते परीक्षेत विचारले जात नसल्याने गौण समजले जाते. एखाद्या आजीला वर्गात बोलावून पाच रानभाज्यांची नावे सांगण्यास सांगणे हा याविषयीचा सर्वांत स्वस्त उपक्रम आहे. मात्र ओळख पटल्याशिवाय कोणतीही वनस्पती, विशेषतः अळिंबी, तोंडात घालू नये, हा नियम प्रथमच शिकवावा.

अडचणी व सुरक्षितता

सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण शिक्षणाबाबत निर्देश दिले आणि पुढे हा विषय शालेय अभ्यासक्रमात अनिवार्य झाला. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरणे आवश्यक आहे. कागदोपत्री त्यांतील महिन्याचा एक दिवस बाहेर घालविणे कठीण नाही. प्रत्यक्षात दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक मुलांना घेऊन बाहेर गेला की दुसऱ्याकडे उरलेले सर्व वर्ग येतात. वाहनाचा खर्च हेही एक कारण सांगितले जाते. परंतु पायी जाण्याच्या अंतरातील ओढा, बांध वा देवराई निवडल्यास तो उद्भवत नाही.

धोक्यांचा विचार गांभीर्याने करावा लागतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप या भागात आढळतात. मुलांना बंद बूट घालावेत, दगड उलटू देऊ नयेत, आणि दंश झाल्यास जखम कापणे वा चोखणे टाळून तत्काळ रुग्णालय गाठावे. आग्या मोहोळाखाली आवाज वा धूर करू नये. खाजकुयलीच्या शेंगा कोणत्या, हे आधीच दाखवावे. कराड व शिराळा भागांत उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर असल्याने फडाकडेच्या वाटा, पहाट व सायंकाळ टाळावी. वनक्षेत्रात जाण्यापूर्वी वनविभागाची परवानगी व पालकांची लेखी संमती घ्यावी. सुमारे दहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी आणि गावातील एखादा रानवाटा जाणणारा माणूस बरोबर घ्यावा.