वीस त्रिकोणांचं पाणी

दिवाळीच्या सुट्टीत नातू साताऱ्याला आला, तेव्हा त्याच्या सामानात एक मखमली बटवा होता. रात्री जेवणं झाल्यावर मुलं माजघरात सतरंजीवर खेळायला बसली आणि बटव्यातला एक फासा घरंगळत माझ्या पायाशी आला. उचलून दिव्याखाली धरला. निळ्या प्लास्टिकचा, वीस त्रिकोणी पृष्ठांचा.

"आजी, तो डी-ट्वेंटी. दे ना इकडे," नातू म्हणाला.

मला तो लगेच देववेना. एकतीस वर्षं मी शाळेत भूमिती शिकवली. दर वर्षी घरोघरच्या जुन्या लग्नपत्रिका गोळा करायच्या, त्यांच्या जाड कागदातून पाच सेंटिमीटर बाजूचे समभुज त्रिकोण कापायचे आणि डिंकाने जोडून मुलांकडून हाच आकार करून घ्यायचा. आम्ही त्याला विंशतिफलक म्हणायचो. तो खेळात असा फेकला जातो, हे मला ठाऊक नव्हतं. मी सगळा बटवा रिकामा करायला लावला. चार पृष्ठांचा चतुष्फलक, सहांचा घन, आठांचा अष्टफलक, बारा पंचकोनांचा द्वादशफलक आणि हा वीसांचा. शिवाय दहा पृष्ठांचे दोन. ते दोन मी बाजूला ठेवले. उरलेले पाच ग्रीकांचे, आणि त्यांच्याविषयी त्या रात्री मी मुलांना बरंच सांगितलं.

फासे भूमितीपेक्षा कितीतरी जुने आहेत. मोहेंजोदडोला घनाकृती फासे सापडलेत. आपल्याकडे सारीपाटाचे लांबट फासे चार बाजूंवरच पडतात. ग्रीक लोक मेंढी-बकरीच्या घोट्याच्या हाडांनी खेळत. तेही हाड चार बाजूंवर पडतं आणि त्या बाजूंना १, ३, ४ आणि ६ असे गुण होते. पण हाडाच्या दोन बाजू रुंद आणि दोन अरुंद, त्यामुळे रुंद बाजूंचं दान जास्त वेळा पडणार. ज्याचं प्रत्येक दान सारख्याच शक्यतेने पडावं, त्याची सगळी पृष्ठं एकसारखी हवीत. सहा पृष्ठांचा फासा त्यांच्याकडे होताच. त्याला ते 'क्यूबोस' म्हणत, आणि भूमितीतल्या घनालाही त्यांनी हाच शब्द वापरला.

सहाच्या पुढे काय, या प्रश्नाशी मात्र एका माणसाचं नाव जोडलेलं आहे. भूमितीकार युक्लिडच्या ग्रंथाच्या तेराव्या पुस्तकावर एक जुनी टीप आहे. त्या टीपेप्रमाणे पाचपैकी घन, चतुष्फलक आणि द्वादशफलक हे पायथागोरसच्या पंथातले, तर अष्टफलक आणि विंशतिफलक अथेन्सच्या थिएटेटसचे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे पटेना. अष्टफलक म्हणजे दोन पिरॅमिड तळाला तळ लावून ठेवलेले. ते काय कुणाला सुचलं नसेल? आता वाटतं, सुचलं असेल, डोळ्यांनी पाहिलंही असेल. पण घन आणि अष्टफलक हे एकाच कुळातले, आणि त्या कुळात आणखी कोण बसतं हे शोधलं पाहिजे, असं आधी कुणाला वाटलं नसावं.

प्लेटोने या थिएटेटसच्या नावाने एक संवाद लिहिला. त्याची सुरुवात वाचताना मला दर वेळी गलबलून येतं. कॉरिंथच्या लढाईत जखमी झालेल्या, वर आमांशाने खंगलेल्या थिएटेटसला अथेन्सकडे नेत आहेत आणि तो जेमतेम जिवंत आहे. ही लढाई इ. स. पू. ३६९ची, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बातमी सांगणाऱ्याचं नावही युक्लिड, पण तो मेगारा गावचा तत्त्वज्ञ. आपला भूमितीवाला युक्लिड पुढे कितीतरी वर्षांनी झाला. मग संवाद मागे जातो, थिएटेटसच्या पोरवयात. त्याचे गुरुजी थिओडोरस सॉक्रेटिसला सांगतात, दिसायला हा मुलगा देखणा नाही, तुझ्यासारखंच बसकं नाक, पण याच्यासारखी बुद्धी मी पाहिली नाही. वर्गमुळं शिकवताना गुरुजी तीनपासून एकेक उदाहरण घेत सतरापर्यंत आले आणि थांबले. मुलाने पुढचं उदाहरण घेतलं नाही. अशा संख्या संपणार नाहीत हे ओळखून, त्या सगळ्यांना एका व्याख्येत बांधता येईल का, हे त्याने आपल्या मित्राबरोबर शोधलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असे विद्यार्थी तीन भेटले. उदाहरणं सोडवणारे पुष्कळ असतात.

पाचांपैकी चार आकारांना पंचभूतांसारखी नावं मिळाली ती प्लेटोच्या 'टिमायस' या दुसऱ्या संवादात. अग्नी म्हणजे चतुष्फलक, कारण तो सगळ्यांत टोकदार, कापत जाणारा. पृथ्वी म्हणजे घन, कारण तो बैठक सोडत नाही. वायू अष्टफलक, पाणी विंशतिफलक. पाचवा द्वादशफलक मात्र प्लेटोने कुठल्याच तत्त्वाला दिला नाही. देवाने तो अखिल विश्वासाठी वापरला, एवढंच तो म्हणतो. आपल्याकडचा वाचक लगेच आकाशतत्त्वाशी मेळ घालतो. मी तसं करू नये असं सांगते. आपली पंचमहाभूतं वेगळ्या विचारातून आली, शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांच्या हिशोबाने. प्लेटोचा हिशोब त्रिकोणांचा आहे, आणि तो हिशोब त्याच्याच रीतीने करून पाहण्यात खरी मजा आहे.

मी तो वर्गात करून घ्यायचे. वाळलेला विंशतिफलक ब्लेडने सोडवायचा. वीस त्रिकोण हाती येतात. त्यातल्या चारांचा एक चतुष्फलक होतो, आठांचा एक अष्टफलक, उरलेल्या आठांचा आणखी एक. म्हणजे पाणी फुटलं की एक भाग अग्नी आणि दोन भाग वायू. प्लेटोने नेमकं हेच लिहिलंय. पुढे मुलांना सांगायचं, आता यातून घन करा. मुलं त्रिकोण फिरवत बसायची आणि चौरस काही जमायचा नाही. त्रिकोण मधून कापले तरी जमत नाही, कारण समभुज त्रिकोणाच्या अर्ध्यात ३०, ६० आणि ९० अंश असतात, तर चौरसाच्या अर्ध्याला दोन ४५ लागतात. म्हणून पृथ्वी दुसऱ्या कशात बदलत नाही, असं प्लेटो म्हणाला. निसर्ग तसा नाही, हे आज आपल्याला कळतं. तरीही एक पदार्थ मोडून दुसरा होताना मोजदाद जुळली पाहिजे, हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. रसायनाच्या तासाला समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळवतात, तेव्हा मला हेच वीस त्रिकोण आठवतात.

अलेक्झांड्रियाचा युक्लिड इ. स. पू. ३००च्या सुमाराचा. त्याच्या तेराव्या पुस्तकात अठरा सिद्धांत आहेत. त्यात हे पाचही आकार गोलात कसे बसवायचे ते येतं आणि अगदी शेवटी, सहावा असा आकार असूच शकत नाही, याची सिद्धता. तेरा पुस्तकांचा ग्रंथ तिथे थांबतो. हा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला तो जयपूरच्या सवाई जयसिंगांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी. 'रेखागणित' नावाचं त्यांचं भाषांतर १९०१-०२ साली मुंबई संस्कृत ग्रंथमालेत दोन खंडांत छापलं गेलं.

आणि फासा? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये इजिप्तमधून आलेला एक विंशतिफलक आहे, सर्पेंटाइन दगडाचा, लिंबापेक्षाही लहान. काळ इ. स. पू. दुसरं शतक ते इ. स. चौथं शतक, असा मोघम. वीस पृष्ठांवर अल्फापासून उप्सिलॉनपर्यंत वीस ग्रीक अक्षरं कोरलेली आहेत. युक्लिड ज्या देशात बसून लिहीत होता, त्याच देशातली ही वस्तू. तिथल्याच दाखला नावाच्या ओअ‍ॅसिसमध्ये सापडलेल्या अशाच एका विंशतिफलकावर इजिप्तच्या देवतांची नावं आहेत. तो कौल लावण्यासाठी असावा, असा अंदाज आहे. मी कागदाचे इतके केले, पण दगडातून वीस सारखे त्रिकोण घासून काढायचे म्हणजे काय, ते मनात आलं की त्या कारागिरापुढे हात जोडावेसे वाटतात. एका पृष्ठाला थोडं जास्त घासलं की शेजारचे त्रिकोणही बिघडतात.

नातवाचा खेळ तसा अलीकडचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत छापला. त्यांना लागणारे पाच आकारांचे फासे तेव्हा कॅलिफोर्नियातल्या शालेय साहित्याच्या एका कंपनीकडून येत. म्हणजे ते मुळात माझ्यासारख्या मास्तरांसाठीच बनवलेले होते! वीसांच्या फाशावर तेव्हा ० ते ९ हे आकडे दोनदा असत. दहा पृष्ठांचा वेगळा फासा नंतर आला.

"मग हे दोन खोटे का?" नातवाने बाजूला ठेवलेले फासे उचलून विचारलं.

खोटे नाहीत. दहाही पृष्ठं एकसारखी आहेत, तेव्हा दान सरळच पडणार. पण प्रत्येक पृष्ठ पतंगाच्या आकाराचं आहे, दोन बाजू लांब आणि दोन आखूड. युक्लिडची अट त्याहून कडक होती: पृष्ठाच्या सगळ्या बाजू समान, सगळे कोन समान.

"आणि तसा सहावा कुणी केला तर?"

कपाटावरच्या डब्यात अजून पत्रिकांचे त्रिकोण होते. मी डबा काढून दिला. एका बिंदूपाशी तीन जोडले, चतुष्फलकाचं टोक झालं. चार जोडले, अष्टफलकाचं. पाच जोडले, विंशतिफलकाचं, आता जेमतेम टोपीएवढा फुगवटा. त्याने सहावा लावला. साठ साठ अंशांचे सहा कोन, ३६० पूर्ण. कागद सतरंजीवर सपाट पडला. मग तो आपणहून चौरस कापायला लागला. तीन जमले, चार सपाट. पंचकोन तीन जमले, चौथ्याला जागाच उरली नाही. षटकोन तिसऱ्यालाच जमिनीला टेकले. साडेअकरा वाजले होते, खेळ तसाच पडला होता, आणि तो सप्तकोन कसा काढायचा ते विचारत होता.