बेळगावातली कॉफी: आमच्या घरातले तीन फिल्टर



मुलगा बंगळुरात, मुलगी पुण्यात. दोघांचं दिवाळीपासून एकच टुमणं: बाबा, आता घरी कॉफीचं चांगलं मशीन घ्या, आम्ही पाठवतो. मी म्हटलं, थांबा जरा. 36 वर्षं बँकेत काढली. कुणी कर्ज मागायला आला की आधी त्याचे मागचे ताळेबंद बघायचे, मग बोलायचं, ही सवय. मशीनच्या बाबतीतही तेच केलं. शहापुरातल्या जुन्या घरात कॉफी कशी दळायची, कशी गाळायची आणि मुख्य म्हणजे कोण करायचं, हे आठवून वहीत लिहून काढलं. त्यातलंच थोडं इथं देतो. तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरी थोड्याफार फरकानं हेच झालं असणार.

पुण्या-साताऱ्याकडच्या पाहुण्यांना वाटतं, 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं म्हणून इथली मराठी माणसं कॉफी प्यायला लागली. आमच्या घरी तरी तसं नाही. कॉफी त्याआधी लग्नातून आली. माझी आई धारवाडची, माहेरी मराठीच. 1948 साली ती लग्न होऊन आली तेव्हा बेळगाव आणि धारवाड दोन्ही जिल्हे मुंबई प्रांतातच होते. शहापूर तेवढं सांगली संस्थानचं, तेही त्याच वर्षी विलीन झालं. आईबरोबर भांड्यांत दोन वस्तू आल्या: एक मोठा पितळी फिल्टर आणि एक टेबलाला स्क्रूनं कसायचं लोखंडी कॉफीचं यंत्र.

याचा अर्थ त्याआधी घरात कॉफी नव्हती असं नाही. आजीची कॉफी होती. दूध, पाणी, साखर आणि चमचाभर पूड एकत्र उकळायची, वर जायफळ किसून घालायचं, फडक्यानं गाळायची. उपासाला, आजारी माणसाला, नाहीतर मुलगी बघायला मंडळी आली की. रोजचा तो चहाच. आईची कॉफी म्हणजे डिकॉक्शन. पूड उकळायची नाही, तिच्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि थेंब थेंब खाली उतरू द्यायचं. आजीला हे बरीच वर्षं पटलं नाही. 'उकळल्याशिवाय उतरतंय होय काही?' म्हणायची. खरं आजोबांना पहिल्या दिवसापासून आवडली. ते कॉफीच्या बियांना जुन्या शब्दात बुंद म्हणायचे.

पुढं सीमाप्रश्न पेटला. आजोबा मोर्चांना जायचे आणि घरी आल्यावर पितळी भांड्यात कॉफीच मागायचे. एकदा गल्लीतल्या एकानं टोमणा मारला, म्हैसूर सरकारच्या नावानं घोषणा देता आणि म्हैसूरची कॉफी पिता. आजोबा म्हणाले, 'कॉफी बाबाबुडनगिरीची आणि सून माझी. मधी सरकार कुठनं आलं?' बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात मोख्याहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही दंतकथा तेव्हा आमच्याकडं लहान पोरांनाही ठाऊक होती.

आता त्या यंत्राबद्दल. वर पेल्यासारखं तोंड, त्यात भाजलेल्या बिया घालायच्या, बाजूला लांब दांडा, पुढं पूड पडते. आत दोन दातेरी चकत्या. एक स्थिर, एक फिरती. मागचा स्क्रू घट्ट केला की चकत्या जवळ येतात आणि पूड बारीक पडते, सैल केला की भरड. ज्यांच्या घरात जातं होतं त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दोन दगडांतलं अंतर म्हणजेच पीठ. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की पाथरवटाकडून टाकी मारून घ्यायची, तसे यंत्राच्या चकत्यांचे दातही झिजायचे. मग दळायला दुप्पट वेळ आणि पूड एकसारखी पडायची नाही.

फिल्टरला कशी पूड लागते? बारीक रव्यापेक्षा बारीक, पण मैद्यासारखी नाही. दोन बोटांत घेतली तर कणी लागली पाहिजे. फार बारीक झाली तर फिल्टरची भोकं बुजतात, डिकॉक्शन तासभर उतरत नाही आणि उतरलं की कडू. भरड झाली तर पाणी भसाभस खाली, रंग चहासारखा. सगळ्या कॉफीचं गणित एवढंच आहे. पाणी पुडीत किती वेळ थांबतं, हे पूड ठरवते. म्हणून दळायचं साधन आणि गाळायचं साधन जोडीनंच निवडायचं असतं. आईला हे शिकवावं लागलं नव्हतं. पावसाळा लागला की ती स्क्रू किंचित सैल करायची. का म्हणून विचारलं तर म्हणायची, 'हवा बघ की बाहेर.' दमट हवेत पूड धरून बसते.

आमचं घर 14 माणसांचं. त्यात कॉफी पिणारे 9, सकाळ-दुपार मिळून 18 भांडी. भांड्याला 8 ग्रॅम धरा, म्हणजे रोज 150 ग्रॅमच्या आसपास पूड. त्या यंत्रावर एवढं दळायला अर्धा तास लागायचा, दोनदा हात बदलून. पहाटे साडेचारला आई उठायची, कारण साडेपाचला आजोबांना भांडं हातात लागायचं. फिल्टर रात्री लावून ठेवला तर वास मरतो, हे आजोबांचं मत. आम्ही भावंडं आता एकत्र जमलो की त्या वासाबद्दल तासभर बोलतो. अंथरुणात पडल्या पडल्या तो घरघर आवाज, मग तो वास. आम्हाला वास आठवतो. आईला खांदा आठवायचा.

1963 च्या सुमारास बाजारातल्या एका दुकानात विजेवर चालणारी कॉफीची गिरणी आली. दुकानदार समोर बिया तोलायचा, विचारायचा, चिकोरी किती, आणि दळून गरम पूड कागदी पुड्यात बांधून द्यायचा. घरात पहिल्यांदा तिथनं पूड आणा म्हणाली ती आईच. आजी, आजोबा, काका सगळे म्हणाले, घरच्यासारखी नाही लागणार. आई म्हणाली, 'मग ज्याला घरची पायजे त्यानं उठावं.' कुणी उठलं नाही. लोखंडी यंत्र माळ्यावर गेलं. जुन्या वस्तूंबद्दल लिहिताना लोक नेहमी हळहळतात. मी नाही हळहळत. ते यंत्र माळ्यावर गेलं त्या वर्षी आई तासभर उशिरा उठायला लागली.

चिकोरीबद्दल थोडं, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार. ती एका झाडाची मुळी, भाजून दळलेली. गुजरातेत जामनगरकडं आणि उत्तर प्रदेशात तिचं पीक निघतं. तिच्यानं डिकॉक्शन दाट आणि काळंभोर होतं, दूध जास्त पेलतं. भेसळ म्हणून ती नियमानं बंद नाही, पण मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के लागते आणि प्रमाण डब्यावर छापावं लागतं. तेवढं वाचायचं. आमच्याकडं 80 ला 20 होतं, महिनाअखेरीस 70 ला 30. पगाराची तारीख कपात दिसायची.

1979 ला लग्न झालं आणि आम्ही टिळकवाडीत वेगळे राहिलो. आईनं पितळी फिल्टर देऊ केला. घेतला, पण चालेना. 18 भांड्यांच्या फिल्टरमध्ये चार भांड्यांची पूड घातली की तळाला नुसता पातळ थर बसतो आणि पाणी त्यातनं पळून जातं. पूड वाढवून बघितली, दाबून बघितली. शेवटी खडेबाजारातनं मधला स्टीलचा फिल्टर आणला. त्याचा दुसरा फायदा म्हणजे कल्हईची कटकट गेली. हा आमच्या घरातला दुसरा फिल्टर.

मग 1984 ते 87 बदली चिकमगळूर जिल्ह्यात. कॉफी मळेवाल्यांना पीककर्ज देणं हे शाखेचं मुख्य काम. तेव्हा 1942 च्या कायद्याचा पूल चालू होता. मळेवाल्यानं सगळी कॉफी बोर्डाच्या पूलमध्ये घालायची, बोर्ड लिलावात विकणार आणि पैसे त्याला हप्त्याहप्त्यानं मिळणार. कधी कधी या वर्षीचं पीक झाडावर आणि मागच्या पिकाचा हप्ता अजून यायचा, अशी परिस्थिती. कर्जखातं कधी फिटणार हे सांगायला ज्योतिषी लागायचा. 1996 पर्यंत पूल संपला आणि मळेवाला आपला माल आपण विकू लागला. आज तुम्हाला एकाच मळ्याच्या, भाजल्याची तारीख छापलेल्या बिया घरबसल्या मिळतात, त्याचं मूळ तिथं आहे.

त्या मुक्कामात शब्द कळले. प्लांटेशन म्हणजे फळाचा गर धुऊन काढलेली अरेबिका. चेरी म्हणजे फळासकट वाळवलेली कॉफी. पीबेरी म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल बी भरलेली. आणि एक गोष्ट कायमची पटली: भाजलेली बी काही आठवडे टिकते, पण दळलेल्या पुडीचा वास काही दिवसांत उडतो. म्हणजे आईचं यंत्र चवीच्या बाबतीत बरोबरच होतं. खांद्याच्या बाबतीत नव्हतं.

आता मुलांच्या मशीनकडे येतो. मुलगा म्हणतो एस्प्रेसो. त्यात 9 बार दाबानं पाणी पुडीतनं अर्ध्या मिनिटात काढतात. उत्तम होते, त्याच्या घरी प्यालो आहे. पण त्याला फिल्टरपेक्षा बारीक आणि अगदी काटेकोर दळलेली पूड लागते, म्हणजे मशीनइतकाच तोलामोलाचा ग्राइंडर. मशीनची किंमत हजारांपासून लाखाच्या पुढं जाते, वर साफसफाई. दोन माणसं, दिवसाला चार कप. याला आम्ही बँकेत पडीक भांडवल म्हणायचो.

मुलगी म्हणते फ्रेंच प्रेस. स्वस्त, सोपं, भरड पूड, चार मिनिटं. कोरी कॉफी पिणाऱ्याला छान. आम्हाला अर्ध्याहून जास्त दूध लागतं, त्यात ती कॉफी हरवते. कागदाच्या गाळणीचंही तेच. मोका पॉट मात्र मला आवडला. इटलीत 1933 ला निघालेलं ते अष्टकोनी भांडं, वाफेच्या दाबानं पाणी वर चढतं, कॉफी दाट. त्यात पूड दाबून भरायची नाही आणि चिकोरीची पूड घालायची नाही, मार्ग तुंबतो. ॲल्युमिनियमचं असलं तर इंडक्शनवर चालत नाही. ज्याला फिल्टरची वाट बघवत नाही त्यानं खुशाल घ्यावा.

आम्ही फिल्टरच ठेवला, पण लहान, दोन भांड्यांचा. मुलं गेल्यावर मधल्या फिल्टरमध्येही तोच पातळ थर बसायला लागला होता. हा तिसरा. 20 ग्रॅम पूड, चकतीनं हलकेच दाबायची, 100 मिली कडकडीत पाणी. आधी थोडं ओतून मिनिटभर थांबायचं, मग बाकीचं. पूड बरंचसं पाणी पिऊन टाकते, खाली साधारण 60 मिली उतरतं. एवढ्यात दोघांची कॉफी.

प्रश्न उरला दळण्याचा. मिक्सरमध्ये दळू नका. पातं कापतं, दळत नाही; निम्मी धूळ, निम्मे खडे, आणि पूड गरम होते. हाताचे नवे ग्राइंडर मिळतात, आत आईच्या यंत्रासारखेच दाते. पुतण्यानं एक आणून दिला. 20 ग्रॅमला दोन-तीन मिनिटं लागतात, ते काही फार नाही. पण आमच्या हिच्या उजव्या अंगठ्याच्या सांध्यात दुखतं, डबाही उघडवत नाही. मी दळीन म्हणालो. ती म्हणाली, 'तुम्ही गावाला गेल्यावर?' तेव्हा मुलांना कळवलं: मशीन नको, विजेवर चालणारा लहान ग्राइंडर पाठवा, पात्याचा नको, दातेरी चकत्यांचा. गेल्या महिन्यात आला. बटण तीच दाबते. आवाज मात्र अगदी त्या यंत्रासारखा घरघर, फक्त अर्ध्या मिनिटाचा.

आईचं यंत्र आता धाकट्या भावाकडं आहे. गंज काढून त्यानं ते पुन्हा टेबलाला कसलंय. गणपतीत शहापूरच्या घरी वीस-बावीस माणसं जमतात, तेव्हा मोठ्या पितळी फिल्टरशिवाय भागणार नाही, हे दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी राहून जातं, कारण आतली कल्हई पार गेली आहे. बेळगावात किंवा आसपास कल्हई करणारा कुणी अजून बसत असेल तर पत्ता कळवा. गणपतीला वेळ आहे, तोवर करून घेतो.