उतराई

वैनगंगेच्या खोऱ्यातील मराठी माणसाच्या कानावर 'उतराई' हा शब्द दोन अर्थांनी पडतो. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि शेतशिवारात पोवारी वा गोंडी ऐकू येणाऱ्या आमच्या बालाघाट जिल्ह्यात त्याचे नवल वाटत नाही. हिंदीत उतराई म्हणजे नदीपार नेल्याबद्दल नावाड्याला द्यावयाचे भाडे. मराठीत उतराई होणे म्हणजे कोणी केलेल्या उपकारांची फेड करणे, ऋणमुक्त होणे. दोन्हींच्या मुळाशी पार होण्याची, पैलतीरी उतरण्याची कल्पना आहे. प्रवाशाला आपण 'उतारू' म्हणतो, तेही याच कुळातले. तुलसीदासांच्या रामचरितमानसातील केवटाने रामाला गंगापार नेले आणि उतराई म्हणून दिली जाणारी मुद्रिका घेण्याचे नाकारले. त्या प्रसंगात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. भाडे नाकारल्यामुळेच तेथे ऋण उरते.

सुट्टीत समुद्रकाठी जाणे, लहानशी होडी भाड्याने घेणे आणि एखाददुसरे बेट पाहून येणे ही आज अनेक मराठी कुटुंबांच्या आनंदाची गोष्ट झाली आहे. गोंदियाहून मुंबईची गाडी पकडून दिवाळीत वा मे महिन्यात कोकण गाठणारी कुटुंबे आमच्याही जिल्ह्यात आहेत. या मौजेचा इतिहास पाहू लागलो असता तो भाडे आणि ऋण या दोन अर्थांच्या मधल्या जागेत सापडतो, असे आम्हांस वाटते. त्याचा शोध घरच्या नदीपासून सुरू करणे बरे.

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून निर्माण झाला. त्यापूर्वी १८५३ पर्यंत यातील बराच मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. जिल्ह्याचे ठाणे वैनगंगेच्या पूर्व काठावर असून वारासिवनी, कटंगी हा संपन्न भाग पश्चिमेस आहे. पूल होण्यापूर्वी न्यायालयाची तारीख असो, बाजार असो की लेकीचे सासर असो, नदी ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. उन्हाळ्यात उतारावरून बैलगाड्या जात. पावसाळ्यात मात्र एका अखंड खोडातून कोरलेला डोंगा किंवा फळ्यांची नाव हाच आधार असे. ती चालविणारे धीवर, केवट यांसारखे समाज होते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात भंडारा-बालाघाटच्या वैनगंगा खोऱ्यातील इंझवार या जातीची नोंद आहे. शेतमजुरी आणि मासेमारी हे तिचे व्यवसाय सांगितले आहेत. म्हणजे शेतात राबणारे हात पाण्यावरही चालत.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात वर्णिलेल्या बलुत्याच्या व्यवस्थेत सेवेचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. जेथे नावाडी या व्यवस्थेत सामील होता, तेथे गावकरी दर खेपेला पैसे मोजत नसत. त्याचा हिशेब वर्षाचा असे आणि त्यात ओळख, भीड, अडीनडी सारेच येई. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. नावाड्याला जातीने बांधलेले काम सोडता येत नसे आणि सुगी बुडाली की त्याचे बलुतेही बुडे. तथापि नाव बुडाली तर उद्या त्याच गावात तोंड दाखवायचे आहे, ही जाणीव त्या व्यवहारात होती.

इंग्रजी अमलात हा संबंध कायद्याच्या कक्षेत आला. मुंबई इलाख्यासाठी १८६८ साली तरींचा कायदा झाला आणि १८७८ चा उत्तर हिंदुस्थान तरी अधिनियम मध्य प्रांतालाही लागू झाला. सरकारी तरीचा मक्ता लिलावाने द्यावा. तिच्या हद्दीपासून दोन मैलांच्या आत परवानगीवाचून दुसऱ्या कोणी तर चालवू नये. नावा किती व कोणत्या, त्यांवर माणसे किती, उतारू किती घ्यावेत यांचे नियम करावेत, अशी त्याची रचना होती. त्यातील एक कलम आम्हांस विशेष वाटते. मक्तेदाराने दरांचा तक्ता देशी भाषेत, सुवाच्य अक्षरांत, तरीजवळ सहज दिसेल अशा ठिकाणी लावलाच पाहिजे, असे ते सांगते. अनोळखी उतारूला अडवून लुबाडू नये, हा त्यामागील हेतू उघड आहे. मात्र लिलावाने एक नवा माणूस मध्ये आणला. मक्ता घेणारा पैसेवाला आणि वल्हे मारणारा मजूर हे आता वेगळे झाले. बोलीची रक्कम वसूल करावयाची तर प्रत्येक खेपेला जास्तीत जास्त माणसे चढविणे हे मक्तेदाराच्या फायद्याचे ठरे. उतारूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा अधिकार कायद्याला का द्यावा लागला, हे यावरून समजते.

नदीवर जी गोष्ट दोन तीरांमध्ये घडली, तीच कोकण किनाऱ्यावर बेटाबेटांमध्ये घडली. मुंबई शहर हे तिचे सर्वांत मोठे उदाहरण होय. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ साली त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाकाठी दहा पौंड भाड्याने दिली. आज ज्या शहरात दहा फुटांच्या खोलीचे भाडे ऐकून आमच्याकडील माणूस स्तिमित होतो, त्या शहराची सुरुवात बेटे भाड्याने देण्याघेण्यापासून झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. या बेटांमधील काही खाड्या ओहोटीला चालत ओलांडता येत. भरती आली की होडी लागे. बेटावरून बेटावर जाणे ही त्या काळी सहल नव्हती, तो रोजचा रस्ता होता.

हा रस्ता हळूहळू जमिनीवर आला. वरळीजवळचा हॉर्नबीचा बांध अठराव्या शतकाच्या अखेरीस झाला, शीवचा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, कुलाब्याचा १८३८ साली. माहीम आणि वांद्रे यांच्यामधील खाडी मात्र तशीच राहिली. तेथे तरीने जावे लागे आणि वादळवाऱ्यात होड्या उलटून माणसे दगावत. अखेर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा बांध खुला झाला. ही देणगी देताना त्यांनी सरकारला एक अट घातली होती : या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून कोणताही कर घेऊ नये. केवटाने नाकारलेल्या उतराईची आठवण व्हावी, अशी ही अट आहे. माहीम-वांद्रे रस्त्यावरून आज नित्य जाणाऱ्या लक्षावधींपैकी कितींना त्या ऋणाची कल्पना असेल?

लहान होडीचे सामर्थ्य याच समुद्राने एकदा युद्धातही पाहिले. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. इंग्रजांनी बेटाला वेढा घालण्यासाठी गलबते पाठविली. परंतु त्यांची जड गलबते वाऱ्याची वाट पाहत असत आणि मराठ्यांच्या लहान नावा वल्ह्यांच्या बळावर, उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात दाणागोटा व माणसे घेऊन बेटावर पोहोचत. १८ ऑक्टोबर १६७९ च्या चकमकीत इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. पुढील वर्षाच्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिले. इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतींची नावे येतात. त्या काळोखात वल्ही मारणाऱ्या कोळी-भंडारी खलाशांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला लाभलेली नाहीत.

युद्ध संपले, पूल आणि बांध झाले, आगबोटी आल्या. रोजच्या रस्त्यावरून होडी मागे सरली, तशी ती मौजेच्या वाटेवर दिसू लागली. घारापुरीची लेणी पाहण्यासाठी परदेशी प्रवासी फार पूर्वीपासून जात असत. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली तेथे गेला होता. परंतु एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात 'बंदर-बोट' नावाची एक खास नाव रूढ झाली. मधोमध लहानशी खोली असलेली ही नाव जहाजावर ये-जा करण्यासाठी आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या किनाऱ्यावरील फेऱ्यांसाठी वापरली जाई. आपला 'बंदर' हा शब्द तिच्याबरोबर इंग्रजीतही गेला आणि १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या सुप्रसिद्ध कोशात त्याची नोंद झाली. ऊन लागू नये म्हणून नावेत केलेली ती खोली म्हणजे उतारूचा पाहुणा झाल्याची खूणच होय.

स्वातंत्र्यानंतर हा पाहुणचार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गास, राजपुरीहून जंजिऱ्यास, हर्णैहून सुवर्णदुर्गास, थळहून खांदेरीस होड्या जातात. १६६४ साली कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी झाली, तो सिंधुदुर्ग पाहण्यासाठी विदर्भातून आणि आमच्याकडूनही माणसे हौसेने जातात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन जलदुर्ग आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्यांची संख्या वाढणार, हे उघड आहे.

या होड्यांचा व्यवहार वरकरणी साधा असतो. कोठे माणशी दर असतो, कोठे पाचदहा जणांनी मिळून सबंध होडी ठरवावयाची असते. बेटावर ठरावीक वेळ थांबून बहुधा त्याच होडीने परतावे लागते. पावसाळ्याचे महिने वाहतूक बंद राहते आणि भरती-ओहोटीपुढे घड्याळाचे काही चालत नाही. पाहुणा घासाघीस करतो ती दराची. वास्तविक त्या दरात होडीची डागडुजी, इंधन, पावसाळ्यातील रिकामे महिने आणि खडक कोठे आहे, वारा केव्हा फिरेल याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान हे सारे आलेले असते. अर्थात त्यात आणखी एक गोष्ट यावयास हवी, ती म्हणजे सुरक्षितता. आणि तीच पुष्कळदा राहून जाते.

२०२४ या एकाच वर्षातील दोन घटना येथे नोंदविल्या पाहिजेत. जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, आमच्याच वैनगंगेवर, मिरची तोडण्यासाठी पैलतीरी निघालेल्या महिला मजुरांची नाव उलटली आणि त्यांतील काहीजणी पुन्हा घरी परतल्या नाहीत. १८ डिसेंबर रोजी मुंबईहून घारापुरीस निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा जणांचा मृत्यू झाला. पहिल्या नावेत मजुरी होती, दुसरीत सुट्टी होती. दुसऱ्या घटनेनंतर बोटींवर जीवरक्षक जाकिटांची सक्ती करण्यात आली, चौकशा झाल्या, वृत्तपत्रांचे रकाने भरले. पहिलीची वार्ता लवकरच मागे पडली. नदीकाठच्या लोकांना हे खटकल्यावाचून राहत नाही. नावेचा जो उपयोग शहरांत मौजेपुरता उरला, तो खोऱ्याच्या खालच्या अंगास अजून पोटासाठी चालू आहे आणि त्या नावेत बसणारीला जाकीट कोण देणार हा प्रश्न आहे तेथेच आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमाने यंत्रावाचून चालणाऱ्या नौकांचाही विचार केला आहे. तो विचार शेवटच्या डोंग्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

दरांचा तक्ता देशी भाषेत लावावा, हे १८७८ मध्ये सुचले होते. त्याच्या शेजारी या नावेत किती माणसे बसू शकतात आणि किती जाकिटे आहेत, हे दोन आकडे तितक्याच सुवाच्य अक्षरांत प्रत्येक धक्क्यावर आणि प्रत्येक घाटावर असावेत, एवढी मागणी अवास्तव नव्हे. सुट्टीवर जाणाऱ्या वाचकांनी दर विचारण्यापूर्वी हे आकडे विचारावेत, होडी भरली असेल तर पुढच्या खेपेसाठी थांबावे आणि थांबावयास सांगणाऱ्या नावाड्यावर रागावू नये. त्याची एक फेरी बुडाली तर त्याचे नुकसान होते, हे जाणून दोन रुपये अधिक द्यावेत. भाडे तर आपण देतोच. ज्याने आपल्याला सुखरूप परत आणून सोडले, त्याचे उतराई होण्याची रीत यापेक्षा फारशी वेगळी असेल, असे आम्हांस वाटत नाही.