बहादूर, बेला आणि नागरिक सुरक्षा दल

इंद्रजाल कॉमिक्स म्हटलं की आपल्याकडे पहिला आठवतो वेताळ, मग मँड्रेक. बहादूर बिचारा तिसरा. पण "पोलिसांची वाट कशाला बघायची, आपणच बघून घेऊ" ही भाषा हल्ली पुन्हा कानावर येते, म्हणून त्याच्याबद्दल लिहितोय.

बहादूर आला 1976 साली. देशात आणीबाणी होती. चंबळच्या दरोडेखोरांनी जयप्रकाशांसमोर शस्त्रं ठेवल्याला चारच वर्षं झाली होती, 'शोले' आदल्या वर्षीचा, आणि ब्रूस लीमुळे पोरं गल्लीत लाथा झाडत होती. या सगळ्याचं मिश्रण मुंबईत टाइम्सच्या इंद्रजालसाठी आबिद सुरतींनी केलं. (हेच सुरती 2007 पासून मीरा रोडला घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देतात. माणूसच वेगळा!) चित्रं गोविंद ब्राह्मणियांची.

नायकाला ना मुखवटा, ना शक्ती. केशरी कुर्ता आणि खाली जीन्स. बाप दरोडेखोर, पोलिसाच्या गोळीने मेलेला. आणि ज्या विशाल नावाच्या अधिकाऱ्याने बापाला मारलं, तोच पोराला वाढवतो. सूड घ्यायला निघालेला मुलगा शेवटी दरोडेखोरांविरुद्धच उभा राहतो. चार आण्याच्या चकमकी दाखवणाऱ्या कॉमिकसाठी हा पाया भलताच भक्कम आहे. वेताळाच्या एकवीस पिढ्यांपेक्षा मला हा एक बाप-लेक जास्त खरा वाटतो.

आणि बेला. ही बहादूरची मैत्रीण, मार्शल आर्टमध्ये तरबेज. त्या काळी आपल्या पडद्यावरची नायिका बहुधा खांबाला बांधलेली असायची; ही स्वतः हाणते आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. लेखकाने तिच्यावर भाषण झाडलेलं नाही, हे मला विशेष आवडतं. तक्रार एवढीच की ती हे सगळं शिकली कशी, त्यामागची मेहनत काय, याला पानं मिळत नाहीत. कौशल्य आयतं येतं.

चित्रांबद्दल सरळ सांगतो. खोरी, वाडे, घोडे, मिशावाले चेहरे ब्राह्मणियांच्या हातात मुरलेले आहेत. गाव आपलं वाटतं, परदेशी पट्टीवरून उचललेलं नाही. मारामारी मात्र उरकल्यासारखी वाटते. पानं मोजकी, त्यामुळे पवित्रा, झेप, फटका असा क्रम क्वचित दिसतो; एकदम लाथ बसते आणि माणूस आडवा. कुंग-फू कॉमिकची खरी मजा त्या मधल्या क्षणांत असते.

आता मुद्द्याचं. बहादूर गावकऱ्यांना शिकवून नागरिक सुरक्षा दल उभं करतो. पोलीस सोबत असतात, दल शिस्तीचं असतं, सगळं छान. पण दलाने चुकीच्या माणसाला धरलं तर? जाब कोण विचारणार? कॉमिकमध्ये ही वेळ सहसा येत नाही, कारण दरोडेखोर कोण हे वाचकाला आधीच चित्रात दिसलेलं असतं. खऱ्या गावात रात्री दोन वाजता अनोळखी माणूस दिसला तर त्याच्या चेहऱ्यावर तसं काही लिहिलेलं नसतं.

इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडलं. कुणाकडे मराठी बहादूर जपून ठेवलेला असेल तर कव्हरचा फोटो खाली टाका.