गृहीत धरलेलं सोनं

पेण-रोह्याकडच्या गावांत कबड्डीची स्पर्धा जवळ आली की पहिला सामना कट्ट्यावर रंगतो. कोणाची चढाई सध्या फॉर्मात आहे, कोणाचा गुडघा अजून दुखतोय, डावा कोपरा कोण धरणार? या वादात एक शहाणपण असतं. समोरचा संघही तितकाच तोलला जातो.

ऑगस्ट २०१८मध्ये, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेआधी, आपण नेमकं हेच विसरलो. १९९०पासून पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताची. त्यामुळे 'कोण जिंकेल' हा प्रश्नच नव्हता, 'किती गुणांनी' एवढंच बोलणं. २०१४च्या अंतिम सामन्यात इराण जेमतेम दोन गुणांनी, २७-२५ असं हरलं होतं, हे फारसं कोणी मनावर घेतलं नाही. इराणी खेळाडू अनोळखीही नव्हते. फझल अत्राचली तर २०१५च्या विजेत्या यू मुंबा संघात होता. त्याच्या पकडींवर आपणच टाळ्या वाजवल्या होत्या.

उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असं हरवलं. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामनाही २७-२४ असा गेला. इराणच्या त्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन.

मातीतला हा खेळ जगाचा व्हावा, असं आपणच म्हणत होतो. तो झाला, आणि पहिला फटका आपल्यालाच बसला. समोरच्याचीही ताकद मोजायची असते, हे गावच्या कट्ट्याला आधीपासून ठाऊक होतं.